दिवाणखान्यातली बिनचेहऱ्याची माणसे

१

आपल्या नियतकालिकांतून कविता, कथा, आत्मकथने यांची भरपूर चर्चा होते. चित्रकलेकडे मात्र आपण फारसे वळत नाही. चित्र म्हणजे श्रीमंताच्या भिंतीवरची शोभा, तिच्याशी आपला संबंध काय, अशी एक समजूत आपल्या कार्यकर्त्यांत आहे. ही समजूत अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु चित्र ज्या भिंतीवर टांगलेले असते ती भिंत पुसते कोण, हा प्रश्न विचारला की चित्रकला आपोआप आपल्या चर्चेत येऊन बसते. हाच प्रश्न विचारणाऱ्या एका चित्रकर्तीविषयी मला येथे लिहावयाचे आहे.

जे लिन गोमेझ ही अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातली चित्रकर्ती. तिचा जन्म १९८६ साली सॅन बर्नार्डिनो या शहरात झाला. आईवडील मेक्सिकोहून कागदपत्रांवाचून आलेले. पुढे त्यांना नागरिकत्व मिळाले. वडील ट्रक चालवीत, आई शाळेत साफसफाईचे काम करी. जे लिनने कलाशाळेत प्रवेश घेतला, पण शिक्षण अर्धवट सोडावे लागले. त्यानंतर लॉस एंजेलिसच्या टेकड्यांवरील एका धनिक कुटुंबात राहून तिने मुले सांभाळण्याची नोकरी केली. ज्या चित्रांमुळे तिचे नाव झाले ती रामीरो गोमेझ या नावाने प्रसिद्ध झाली होती. पुढे आपण स्त्री आहोत हे तिने जाहीर केले आणि नवे नाव घेतले. १९५६ साली नागपूरला ज्या समाजाने आपली ओळख नव्याने सांगितली, त्या समाजाला आपले नाव आपणच ठेवण्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून मी तिचा उल्लेख सर्वत्र स्त्री म्हणूनच करीत आहे.

तिच्या चित्रांच्या छापील प्रती आणि लॉरेन्स वेश्लर यांचा तिच्यावरील २०१६ सालचा ग्रंथ यांच्या आधारे हे विवेचन केले आहे. मोठ्या कॅनव्हासचा परिणाम छापील प्रतीत उतरत नाही हे खरे. पण तिच्या कामाची सुरुवातच मुळी छापील पानांवर झालेली असल्यामुळे छापील प्रत हे तिच्या बाबतीत परके माध्यम ठरत नाही.

२

या चित्रांचा विचार करण्यापूर्वी दुसऱ्या एका चित्रकाराकडे पाहिले पाहिजे, कारण त्याच्याशी वाद घालीतच गोमेझची चित्रे उभी राहतात. हा चित्रकार म्हणजे डेव्हिड हॉकनी. १९३७ साली इंग्लंडातल्या ब्रॅडफर्ड या गिरण्यांच्या गावी सामान्य कुटुंबात तो जन्मला आणि १९६४ साली कॅलिफोर्नियात गेला. तिथले ऊन, काचेची घरे, हिरवळ, पोहण्याचे निळे तलाव हे त्याचे विषय झाले. १९६७ सालचे ‘अ बिगर स्प्लॅश’ हे त्याचे चित्र जगभर प्रसिद्ध आहे. गुलाबी रंगाचे बैठे घर, मोठी काच, दोन ताडासारखी झाडे, एक रिकामी खुर्ची, पिवळी उडी-फळी आणि निळ्या पाण्यावर उसळलेला पांढरा तुषार. उडी मारणारा पाण्याखाली गेला आहे. चित्रात माणूस नाही.

दोन सेकंदांत विरून जाणारा तो तुषार रंगवायला आपल्याला सुमारे दोन आठवडे लागले, असे हॉकनीने सांगितले आहे. या गोष्टीचे कलासमीक्षकांना फार कौतुक वाटते. क्षणभंगुर क्षण, प्रदीर्घ साधना वगैरे. मला त्यातली साधना नाकारायची नाही. माझा प्रश्न इतकाच, की तुषाराला दोन आठवडे देणाऱ्या डोळ्याला त्या तलावातली पाने रोज काढणारा माणूस एकदाही का दिसला नाही? कॅलिफोर्नियातले ते पाणी निळे राहते ते कोणीतरी जाळी फिरवतो, कोणीतरी औषध टाकतो म्हणून. काच चकचकीत असते कारण तिच्यावरून कोणाचातरी हात फिरतो. जी स्वच्छता हॉकनीला दृश्य म्हणून भेटली ती प्रत्यक्षात कोणाचीतरी रोजची मजुरी होती.

हॉकनीला खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. ते न्यायाचे होणार नाही. तो समलिंगी होता, आणि इंग्लंडात १९६७ पर्यंत पुरुषांमधील असे संबंध हा गुन्हा होता. कॅलिफोर्नियातला तलाव, तिथल्या न्हाणीघरात उघडेपणी उभा असलेला पुरुष, ही त्याच्यासाठी मोकळ्या श्वासाची चित्रे होती. म्हणजे एका दडपलेल्या माणसाची मुक्ती त्या पाण्यात आहे, आणि त्याच पाण्याच्या काठावर दुसरा दडपलेला माणूस अदृश्य आहे. आपल्या चळवळीला हा अनुभव नवा नाही. एका अन्यायाविरुद्ध लढणाऱ्याला दुसरा अन्याय दिसतोच असे नाही. तो दाखवावा लागतो, आणि ज्याच्या वाट्याला तो आलेला असतो त्यालाच बहुधा ते काम करावे लागते.

३

गोमेझने ते काम केले. मालकाच्या घरी ‘आर्किटेक्चरल डायजेस्ट’सारखी गृहसजावटीची गुळगुळीत मासिके येत. त्यांत भव्य दिवाणखाने, संगमरवरी स्वयंपाकघरे, पांढरी शुभ्र शयनगृहे. आणि सगळीकडे कमालीची टापटीप. मुले झोपली की ती या मासिकांची पाने फाडून घेई आणि त्या छापील खोल्यांत रंगाने एकेक माणूस उभा करी. ओट्याशी वाकलेली बाई, कडेवर गोरे मूल घेतलेली दाई, काचेपलीकडे कुंपण कापणारा माळी. फोटोग्राफर येण्यापूर्वी ज्यांना बाजूला व्हायला सांगितले गेले असेल ती माणसे तिने परत खोलीत आणली. काही चित्रांच्या शीर्षकांत त्या कामगाराचे पहिले नाव येते. ज्या पानावर घरमालकाचे, वास्तुरचनाकाराचे आणि सजावटकाराचे नाव छापलेले असते, त्याच पानावर हे नाव येणे याला अर्थ आहे.

तंत्राच्या दृष्टीने ही अगदी लहान कृती आहे. एक पान, थोडा रंग, कामाच्या वेळातून चोरलेला अर्धा तास. पण तिचा परिणाम मोठा आहे. माणूस उभा राहताक्षणी खोलीचा अर्थ बदलतो. आधी जी गादी केवळ गुबगुबीत वाटत होती ती आता ‘कोणीतरी नुकतीच नीट केलेली’ दिसू लागते. फुलदाणीतली फुले कोणीतरी ठेवलेली असतात. लादीवरची चमक कोणाच्यातरी गुडघ्यांतून आलेली असते. ऐश्वर्य ही वस्तूंची रास नसून दुसऱ्याच्या श्रमाची साठवण आहे, हा अर्थशास्त्रातला सिद्धांत इथे एका दृष्टिक्षेपात कळतो. विद्यार्थ्यांना अतिरिक्त मूल्य शिकवताना मी फळ्यावर जे तासभर मांडतो ते या पानात क्षणात उतरलेले पाहून मला तिचा हेवा वाटला.

पुढे तिने हॉकनीच्याच चित्रांना हात घातला. २०१३ साली तिने ‘नो स्प्लॅश’ रंगविले. तेच गुलाबी घर, तीच फळी, तेच आकाश. फक्त तुषार नाही. त्याऐवजी लांब दांड्याने तलाव साफ करणारा एक माणूस आहे आणि काचेपाशी एक बाई काम करते आहे. हॉकनीच्या १९६४ सालच्या चित्रात बेव्हर्ली हिल्समधला एक पुरुष शॉवरखाली आंघोळ करतो. गोमेझच्या चित्रात त्या न्हाणीघरात एक बाई फरशा घासते. हॉकनीने १९६८ साली एका संग्राहक जोडप्याला त्यांच्या शिल्पांच्या शेजारी उभे करून ‘अमेरिकन कलेक्टर्स’ काढले. गोमेझने २०१४ मध्ये ‘अमेरिकन गार्डनर्स’ काढले, त्यात मालकांच्या जागी माळीकाम करणारे आहेत. मूळ चित्राला ती विद्रूप करीत नाही, त्याची टिंगलही करीत नाही. ती त्याची उजळणी करते आणि गाळलेला शब्द जागेवर घालते. एखाद्या प्रतिष्ठित ग्रंथाच्या समासात आपल्या अक्षरात लिहावे तसे हे आहे.

४

या चित्रांबद्दल लिहिणारे तिकडचे समीक्षक श्रम, स्थलांतर, वर्ग यांविषयी बोलतात. ते योग्यच आहे. पण महाडचे पाणी ज्याच्या स्मरणात आहे त्या वाचकाला या चित्रात आणखी एक गोष्ट दिसल्यावाचून राहणार नाही. ती म्हणजे पाणी.

अमेरिकेत पोहण्याचा तलाव ही कधीच निरागस जागा नव्हती. लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडेना गावी ब्रुकसाइड नावाचा सार्वजनिक तलाव होता. तिथे गोरेतरांना आठवड्यातून एकच दिवस प्रवेश असे आणि त्या दिवसानंतर पाणी बदलले जाई. १९६४ साली फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन गावी काळे आणि गोरे सत्याग्रही मिळून एका मोटेलच्या तलावात उतरले, तेव्हा मालकाने पाण्यात आम्ल ओतले. आणि ज्या सॅन बर्नार्डिनो शहरात गोमेझचा जन्म झाला, त्याच शहरात नगरपालिकेच्या तलावात मेक्सिकन वंशाच्या लोकांना मज्जाव होता. इग्नासिओ लोपेझ या संपादकाने आणि त्याच्या सोबत्यांनी न्यायालयात दाद मागितली. १९४४ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला.

ही हकीकत वाचताना आपल्या डोळ्यांपुढे काय येते हे मी सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सवर्णांनी शेण, गोमूत्र वापरून तळे ‘शुद्ध’ केले. पुढे दहा वर्षे दावा चालला आणि १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. पॅसाडेनाला पाणी बदलत, महाडला पाणी शुद्ध करीत. पृथ्वीच्या दोन टोकांना एकमेकांची गंधवार्ता नसलेल्या माणसांनी एकच विधी शोधून काढला होता.

आता ‘नो स्प्लॅश’ पुन्हा पाहा. ज्यांच्या आजोबांना पाण्यात उतरायला बंदी होती त्यांचा नातू पाण्याच्या काठावर उभा आहे. बंदी आता कायद्यात नाही. त्याला पाण्याजवळ येऊ दिले आहे, पण हातात दांडा देऊन. तो पाणी स्वच्छ करू शकतो, त्यात उडी मारू शकत नाही. चित्राच्या नावातच ते आले आहे: तुषार नाही. कायद्याने मिळालेला प्रवेश आणि समाजात मिळालेले स्थान यांतले अंतर मोजायचे असेल तर ते त्या काठापासून पाण्यापर्यंतच्या एका फुटात मोजता येते. हे मला या चित्राचे सर्वांत मोठे बळ वाटते. चित्रकर्तीच्या मनात हा सर्व इतिहास असेलच असे नाही, पण चित्र जेव्हा खरे असते तेव्हा त्यात कर्त्याच्या मनापेक्षा अधिक काही येते.

५

गोमेझच्या माणसांना चेहरे नसतात. त्वचेचा तपकिरी रंग, केसांचा काळा ठिपका, कपड्यांचे दोन फटकारे. डोळे, नाक, तोंड यांच्या जागी कोरा रंग. यावरून तिच्यावर आक्षेप घेता येतो, आणि तो आपल्याच बाजूने घेतला जाईल. मालक ज्यांना चेहरा नाकारतो त्यांना चित्रकर्तीनेही नाकारला तर मग फरक काय राहिला? आपल्या साहित्याने तर सारी शक्ती चेहरा मिळविण्यात खर्च केली. ‘गडी’, ‘महारीण’, ‘झाडूवाला’ अशा जातिवाचक व कामवाचक शब्दांतून माणूस बाहेर काढून त्याला नाव, गाव, आई, भूक, राग देणे हे दलित आत्मकथनांचे कार्य होते.

हा आक्षेप गंभीर आहे. तरी मला तो पुरता पटत नाही. याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण चित्रातच आहे. चेहरा नसला तरी तिच्या माणसांना शरीर आहे, आणि ते शरीर अनुभवातून आलेले आहे. मूल कडेवर घेतल्यावर कंबर कोणत्या बाजूला झुकते, बादली उचलताना खांदा कसा पडतो, काच पुसताना टाचा कशा उचलल्या जातात, हे ज्याने ते काम केले आहे किंवा आपल्या आईला करताना पाहिले आहे त्यालाच असे रेखता येते. माझी आई शहरातल्या एका बंगल्यात धुणीभांडी करीत असे. तिथे शाळेनंतर मी ओसरीवर तिची वाट पाहत बसे. संध्याकाळच्या अंधारात बंगल्यातून बाहेर पडणाऱ्या चार बायांतून तिला मी चालण्यावरून ओळखत असे. चेहरा दिसण्याची गरज पडत नसे. श्रमिकाच्या मुलाला आईचा चेहरा जसा पाठ असतो तशी तिची पाठही पाठ असते.

दुसरे कारण चित्राबाहेरचे आहे. २०२५ च्या जून महिन्यात लॉस एंजेलिसमध्ये कागदपत्रांवाचून राहणाऱ्यांची मोठ्या प्रमाणावर धरपकड झाली. गाड्या धुण्याची ठिकाणे, मजुरांचे नाके येथे छापे पडले. निदर्शने झाली, रस्त्यावर सैनिक आणले गेले. अशा शहरात चेहरा ही केवढी धोक्याची वस्तू आहे याचा विचार करा. जो ओळखू येतो तो उचलला जातो. मग कोऱ्या चेहऱ्याचा अर्थ एकच राहत नाही. तो मालकाच्या नजरेतला नकार आहे, तसाच तो चित्रकर्तीने आपल्या माणसांवर घातलेला आडोसाही आहे. आपल्याकडे शहरात खोली मिळावी म्हणून आडनाव बदलून राहिलेली माणसे आहेत. बाबुराव बागुलांच्या १९६३ सालच्या संग्रहाचे नाव ‘जेव्हा मी जात चोरली होती’ असे आहे. ओळख लपविणे ही लाचारी असते आणि कधी जगण्याची युक्तीही असते, हे आपल्या साहित्याने फार पूर्वी सांगितले आहे.

६

पण आक्षेपाचा एक दुसरा भाग उरतोच. गोमेझच्या बहुतेक चित्रांत तपकिरी माणूस येतो तो कामगार म्हणून. घर मालकाचे, सोफा मालकाचा. आपला माणूस त्यावर बसलेला क्वचितच दिसतो. मग ऐश्वर्यावर त्याचा हक्क कधी सांगायचा?

या प्रश्नाचे एक उत्तर तोयीन ओजी ओदुतोला या दुसऱ्या चित्रकर्तीने दिले आहे. १९८५ साली नायजेरियातील इफे येथे जन्मलेली आणि अमेरिकेतल्या अलाबामात वाढलेली ही कलावती कोळसा, पेस्टल व पेन्सिल यांनी कागदावर काम करते. २०१७ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात तिचे प्रदर्शन भरले. त्यात तिने नायजेरियातील दोन खानदानी घराण्यांची चित्रे मांडली. ही घराणी पूर्णपणे काल्पनिक आहेत. उंची वस्त्रे, सुंदर दालने, निवांत बसलेली काळी माणसे. त्यांना ऐश्वर्याचे नवल वाटत नाही, कोणाला ते दाखवायचीही घाई नाही. वसाहतवादाचा घाव बसलाच नसता तर ही माणसे कशी बसली असती, असा तो प्रश्न आहे.

मला या चित्रांचे आकर्षण वाटते आणि शंकाही वाटते. आकर्षण याचे, की दडपलेल्या माणसाला विसावा घेताना दाखविणे ही बंडाचीच एक तऱ्हा आहे. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना काय सांगितले ते आठवा. जातीची खूण सांगणारे लुगडे नेसणे सोडा, ओझ्यासारखे दागिने टाका, नीटनेटक्या राहा. हा केवळ टापटिपीचा उपदेश नव्हता. माणसाचे चित्र कसे दिसावे हे ठरविण्याचा हक्क त्यांनी जातीच्या हातून काढून त्या बायांच्या हाती दिला. आज वस्तीवस्तीत बाबासाहेबांचा पुतळा कोट-टाय घालून हातात ग्रंथ घेऊन उभा आहे. त्याच्याकडे पाहून नाक मुरडणारे अभिरुचिसंपन्न लोक मला भेटतात. त्या कोटात काय आहे हे त्यांना कळत नाही. तो कोट म्हणजे आमच्या दृश्यकलेचे पहिले पान आहे.

शंका याची, की ओदुतोलाच्या दालनांतली लादी कोण पुसतो? घराणे काळे असले म्हणून नोकर नसतील असे थोडेच आहे? खानदान या कल्पनेत कोणीतरी खालचा गृहीत धरलेला असतो. बाबासाहेबांनी राजगृह बांधले तेव्हा त्या घरातली खरी संपत्ती ग्रंथ होते. घर मोठे असण्याला आपला विरोध नाही. ते कोणाला लहान करून मोठे झाले आहे, हा आपला निकष आहे. ओदुतोलाच्या चित्रांपुढे गोमेझचे पान ठेवावे आणि गोमेझच्या चित्रांपुढे ओदुतोलाचे, म्हणजे दोहोंतील उणीव भरून निघते. आपल्याला दोन्ही चित्रे हवी आहेत: कोणाच्या कष्टाने घर उभे आहे ते सांगणारे, आणि त्या कष्टकऱ्याला घरात बसवणारे.

७

गोमेझची पद्धत तशीच्या तशी उचलून आपल्याकडे वापरता येईल काय? माझ्या मते नाही. कारण आपल्या घराचा नकाशाच वेगळा आहे.

लॉस एंजेलिसच्या बंगल्यात मोलकरीण प्रत्येक वस्तूला हात लावते. तिथे तिचा तिरस्कार होतो, तिला कमी पगार मिळतो, तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे केले जाते. पण तिच्या स्पर्शाने भांडे बाटत नाही. आपल्याकडे खोल्यांची रचनाच शिवाशिवीवर झाली आहे. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, देवघर: जितके आत जावे तितकी जात वर चढते. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींना मागच्या अंगाने जो लोखंडी गोल जिना असे तो संडास साफ करणाऱ्यासाठी होता, त्याने घरातून जाऊ नये म्हणून. आजच्या उंच इमारतींत नोकरांसाठी वेगळी लिफ्ट असते. घरकाम करणाऱ्या बाईचा कप वेगळा, तो ओट्याखाली किंवा खिडकीत उपडा. जातिव्यवस्था ही श्रमांची विभागणी एवढ्यावर थांबत नाही, ती श्रम करणाऱ्या माणसांचीच उतरंड रचते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. त्या उतरंडीचा आराखडा वास्तुरचनाकाराच्या निळ्या कागदावर उतरलेला आहे.

म्हणून आपल्या चित्रकाराने नुसती बाई खोलीत उभी करून चालणार नाही. तिचा हात कोणत्या दारापर्यंत जातो आणि कुठे थांबतो ती रेघ काढावी लागेल. उपडा कप काढावा लागेल. गोल जिना काढावा लागेल. नागपूरचे सवी सावरकर यांनी गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला अस्पृश्य रंगविला, पेशवाईच्या इतिहासातून काढून तो आधुनिक कलेच्या भिंतीवर आणला. त्यांनी रस्ता रंगविला असे म्हणता येईल. मडके आणि झाडू गेले. ती रेघ घरात शिरली. घर रंगविणे अजून बाकी आहे.

८

शेवटी बाजाराचा प्रश्न. हॉकनीने बेव्हर्ली हिल्समधल्या एका गृहिणीचे जे भव्य चित्र काढले होते ते २००९ साली सुमारे ७९ लाख डॉलरला विकले गेले. १९७२ सालचे त्याचे तलावाचे चित्र २०१८ मध्ये ९ कोटी डॉलरच्या वर गेले. गोमेझची चित्रेही कलादालनांतून विकली जातात, संग्रहालयांत जातात, आणि घेणारे बहुधा त्याच टेकड्यांवर राहणारे असतात. म्हणजे मोलकरणीचे चित्र दिवाणखान्यात लागते आणि त्याच्या काचेवरची धूळ खरी मोलकरीण पुसते. हा विरोधाभास चित्रकर्तीला ठाऊक नाही असे दिसत नाही. टाकाऊ खोक्यांच्या पुठ्ठ्यातून माणसाच्या आकाराचे माळी आणि दाया कापून, रंगवून, तिने त्या श्रीमंत वस्त्यांच्या कुंपणांशी उभ्या केल्या, जिथे विकणे नाही आणि टिकणेही नाही. २०१२ साली हॉलिवूडमधील एका नटाच्या घरी राष्ट्राध्यक्ष ओबामा निधी गोळा करायला आले तेव्हा रस्त्याकडेला अशी पुठ्ठ्याची माणसे उभी होती. पुठ्ठ्याची माणसे उचलून टाकली जातात. खऱ्या माणसांच्या बाबतीतही ते नवे नाही.

चित्राने पगार वाढत नाही हे मला मान्य आहे. अमेरिकेत १९३५ च्या कामगार संघटनांच्या कायद्यातून आणि १९३८ च्या किमान वेतनाच्या कायद्यातून घरकामगारांना वगळले होते. वेतनाच्या कायद्यात त्यांना यायला १९७४ उजाडले. कॅलिफोर्नियात घरकामगारांच्या हक्कांचा कायदा २०१३ साली झाला, तो संघटनांनी रस्त्यावर येऊन मिळविला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली घरकामगारांचा करार केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण तो स्वतःवर बंधनकारक करून घेतला नाही. महाराष्ट्रात २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, परंतु कल्याण म्हणजे हक्क नव्हे. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला घरकामगारांच्या कायद्याचा विचार करण्यासाठी समिती नेमायला सांगितले. म्हणजे आपण अजून विचाराच्या पायरीवर आहोत.

कायदा दिसलेल्या माणसासाठी होतो. ज्याला पाहायचे नाही त्याला पगारपत्रक, सुटी, प्रसूतीची रजा कोण देणार? घर ही खाजगी जागा आहे, तिथे कामगार नसून ‘आमच्या घरच्यासारखी बाई’ आहे, या गोड भाषेवर हा सारा व्यवहार चालतो. गोमेझची चित्रे ही भाषा मोडतात. त्या खोल्यांत काम चालू आहे, हे घर कोणाचेतरी कामाचे ठिकाण आहे, एवढेच ती दाखवतात, आणि कायद्याच्या लढाईचे पहिले कलम तेच असते.

९

आपल्या शिक्षकमित्रांना माझे एक सांगणे आहे. अनेक शाळांत चित्रकलेच्या तासाला मुलांना ‘माझे घर’ हा विषय देतात. मुले डोंगर, सूर्य, कौलारू घर, दारात झाड असे ठरलेले चित्र काढतात. झोपडपट्टीतली, पाड्यावरची, चाळीतली मुलेही तेच काढतात, कारण चित्रात कोणते घर शोभते हे त्यांना शिकविले गेले आहे. त्याऐवजी त्यांना ‘माझी आई कामाला जाते ते घर’ हा विषय द्यावा. ज्या मुलांच्या आया कामाला जात नाहीत त्यांना ‘आमच्या घरी कामाला येणारी बाई’ काढायला सांगावे. मग दोन्ही चित्रे एका भिंतीवर शेजारी शेजारी लावावीत आणि मुलांनाच विचारावे, की आई कोणत्या खोलीपर्यंत गेली आहे, ती बसली आहे की उभी, तिचा कप कुठे ठेवला आहे.

जे लिन गोमेझला मासिकाचे एक फाडलेले पान पुरले. आपल्या मुलांना वहीचे पान पुरेल.